खुबानीची वाटी

रविवार, सांज. जाफराबाद.

काकांसंगं हैदराबादला गेल्ते, दुपारी आले. चारमिनार पाह्यला, गोवळकोंडा चढले, पण डोक्यात एक वाटीच फिरून राह्यली.

बांगड्यांच्या बाजारात दुकानदारानं लई भाव सांगितला. नववीत शाळा सोडल्यापासून मी मूळच्या हैदराबादच्या बिलकीस खालाकडं शिवायला बसते, त्यामुळं तिकडची बोली मला बराबर येते. पण परक्या माणसापुढं माझं तोंडच उघडत न्हाई. मंग मी चुलत बहिणीच्या, स्नेहलच्या कानात सांगत गेले अन् ती मोठ्यानं बोलत गेली. भाव निम्म्यावर आला.

काका म्हणले, "बघा, कॉलेजात शिकल्याचा फायदा!"

स्नेहल नुसती हसली. माझं नाव घेतलं का? बिलकुल न्हाई.

हाटेलात बिर्याणी झाल्यावर काकांनी शाबासकी म्हणून तिच्यासाठी 'खुबानी का मीठा' मागवलं. एकच वाटी. वरून साय, आत मऊ लाल खुबानी, म्हणजे जर्दाळू. अर्धी खाऊन तिनं वाटी माझ्याकडं सरकवली.

"खा गं, अर्धी तुझीच हाये."

म्हणजे तिला सगळं कळत होतं! मंग काकांना का न्हाई सांगितलं?

"मला गोड आवडत न्हाई," मी म्हणले. अख्ख्या हैदराबादेत मी मोठ्यानं बोलले ते एवढंच, अन् तेबी खोटं.