रुसव्याला देवाचं नाव

आक्का,

माझं लग्न ठरलंय, आणि गेला आठवडाभर मी घरात दिसेल त्याच्यावर डाफरतोय. वहिनीनं चहा दिला तो गार आहे म्हणून परत सारला, गार नव्हता. नव्या सदऱ्याचं माप द्यायला शिंप्याकडं चल म्हणून अण्णा सांगत होता, तर त्याला म्हणालो, जुन्या सदऱ्यात मी काय मेलेला दिसतो? अण्णानं टोपी खुंटीला अडकवली आणि पाय धुवायला गेला. निपाणीच्या वखारीत दिवसभर तंबाखूच्या धुळीत शिंकून आलेल्या माणसाला धाकट्या भावाशी भांडायला बळ उरत नाही. तू असतीस तर पाठीत एक धपाटा घालून मोकळी झाली असतीस. मामा तुला आक्का म्हणायचे म्हणून आम्हा पोरांच्या तोंडीही तेच बसलं, आई म्हणायचं राहूनच गेलं. आता तुझ्यावर रागावतानाही आक्काच तोंडात येतं. आणि आज मला तुझ्यावर रागवायचंच आहे.

मुलगी कुणी परकी नाही. हीच पाहिजे म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. तिच्या वडिलांनी पहिल्यांदा नाही म्हटलं, "पोरगं तापट हाय, आज कॉलेज, उद्या काय कुणास ठाऊक," असं म्हणाले, तेव्हा मी बेळगावहून परीक्षेच्या तोंडावर ट्रंक उचलून त्यांच्याशी वाद घालायला आलो आणि परत गेलोच नाही. म्हणजे ते म्हणाले तेच खरं करून दाखवलं. गावाला वाटतं मी चळवळीसाठी कॉलेज सोडलं. एकदोघांनी पाठ थोपटली, मीही थोपटू दिली. त्याच रागात बस्तीत, आपल्या जैन देवळात, गेलो, भगवंतांच्या मूर्तीसमोर हात जोडले आणि नियम घेतला: आजपासून जन्मभर गोड वर्ज्य. आपल्यात लोक रसत्याग करतात तो मन हलकं व्हावं म्हणून. मी केला तो कुणालातरी टोचावं म्हणून. टोचलं कुणालाच नाही. सणाला वहिनी पुरणपोळी माझ्या पानात न वाढता पुढं जाते, इतकंच.

आता तिनं आलेलं प्रत्येक स्थळ मोडून काढलं, शेवटी वडील नमले, आणि उद्या साखरपुडा आहे. रेशनची साखर त्यांच्या घरात महिनाभर चहात न घालता साठवलीय म्हणे. जे नाही म्हणाले होते तेच उद्या स्वतःच्या हातानं ती साखर माझ्या तोंडात घालणार. आणि मी अण्णाला सांगून बसलोय, माझा नियम आहे, मी खाणार नाही.

हे तिच्या कानावर गेलं. परवा बस्तीच्या विहिरीवर ती पाणी गाळायचं फडकं पिळत उभी होती. आजूबाजूला कोण आहे हेही बघितलं नाही तिनं. "गोड सोडलंय म्हणं तुम्ही. कुणासाठी?" मी म्हणालो, तुमच्यासाठी. "मी मागितलं न्हवतं. न्हाय म्हटलं आमच्या आप्पांनी, आणि शिक्षा गुळाला! आता व्हय म्हटलंय, तरी तुमचं तोंड आंबटच. लग्न माझ्यासंग करायचंय का रुसव्यासंग, ते एकदा ठरवा बघू." घागर उचलून गेली. मला राग आला तो तिचा नाही. रुसवा हा शब्द मला आजवर एकाच माणसानं सुनावला होता.

लहानपणी जत्रेच्या गाडीत मला घेतलं नाही म्हणून मी गूळ सोडल्याचं जाहीर केलं होतं, आठवतं? तू चुलीपुढं बसलेली आहेस, हात पिठाचा आहे, आणि मान वर न करता म्हणतेस, "ह्यो नियम न्हवं रं, रुसवा हाय. रुसव्याला देवाचं नाव लावू नको." आणि शिक्षा काय दिलीस? रोज सकाळी बस्तीत जाऊन यायचं, आणि पहिला घास घेण्याआधी आज काय चांगलं झालं ते एक सांगायचं. मी म्हणायचो, काय बी न्हाय. "मग भाकरी बी वाट बघंल." तू भाकरी हातात धरून खुशाल बसून राहायचीस. शेवटी मी चिडून ओरडलो, "म्हशीनं लाथ मारली न्हाय!" तर म्हणालीस, "चालतंय की. म्हशीचं बी पुण्य मोजाय पायजे." आणि भाकरी पानात पडली. पुढं मला त्याची सवय झाली. खोटं का बोलू, वाट पाहायला लागलो.

मग तू तापानं अंथरूण धरलंस. एका सकाळी मी बस्तीतून येऊन तुझ्या उशाशी बसलो. तू डोळ्यांनीच विचारलंस. मी म्हणालो, "आज आक्काचा ताप उतरला." किती मनापासून म्हणालो होतो! तू हसलीस. आणि दिवे लागायच्या आत गेलीस.

त्यानंतर मी कधीच काही चांगलं तोंडातून काढलं नाही. चांगलं बोललं की ते कुणीतरी ऐकतं आणि घेऊन जातं, असं मनात बसलं ते बसलंच. तुझी विद्या अशी का निघाली, आक्का? निदान त्या दिवशी तरी विचारायचं नव्हतंस.

विहिरीवरचं ते बोलणं ऐकल्यापासून पुन्हा बस्तीत जायला लागलोय. वाटलं होतं, गेलो की मन मऊ होईल. कसलं काय! णमोकार मंत्र म्हणताना मनात भांडणंच चालतात, पानावर बसलो की शब्द दातात अडकतो. काल मोठ्या कष्टानं "भाजी बरी झालीय" म्हणालो, तर वहिनीला वाटलं टोमणा मारला.

आज सकाळी मूर्तीसमोर उभं राहून सांगितलं, मी घेतला तो नियम नव्हता, रुसवा होता, तो परत घेतो. घंटा वाजली नाही, फूल पडलं नाही. घरी आलो आणि घास उचलण्याआधी सगळ्यांदेखत म्हणालो, "ती आपल्या घरात येणार, हे चांगलं झालं." वहिनीचा वाढता हात थांबला. अण्णा एवढंच म्हणाला, "व्हय रं, लई चांगलं झालं." आणि मला घाम फुटला. दिवसभर कुणीतरी वाईट बातमी घेऊन धावत येणार म्हणून दाराकडं बघत होतो. शेवटी राहवेना, काही काम नसताना तिच्या गल्लीतून जाऊन आलो. चुलीचा धूर निघत होता. तिचे वडील ओसरीवर बसून डाळीतले खडे काढत होते. "जावई, पाव्हण्यानं उद्या यायचं असतंय," म्हणून हसले.

आता दिवे लागलेत. काही झालं नाही, आक्का. उद्याही होणार नाही असं मी म्हणू शकत नाही. पण साखर घेईन. दाराकडं बघत का होईना, घेईन.

हे टपालात टाकण्याजोगं नाही एवढं मला कळतं. कॉलेज अर्धं सोडलं तरी तेवढं शिकलोय. वाचून तू हसशील म्हणून एक गोष्ट लिहायची टाळत होतो. गल्लीतून परत येताना मी शीळ घालत होतो. समोरून अण्णा आला, तर खोकला आल्याचं सोंग केलं.