ओतून दिलेली पहिली धार

प्रिय विश्न्या,

ऑस्ट्रियातल्या त्या लिंझच्या हॉटेलच्या पत्त्यावर बापाचं पत्र आलेलं बघून तुला आईची काळजी वाटेल, म्हणून आधीच सांगतो, आई ठणठणीत आहे. काल तिनं मला स्वयंपाकघरातून हाकललं, कारण मी तिच्या लोणच्याच्या बरणीत लिटमसची पट्टी बुडवत होतो. हो, लिटमस. तुझा बाप सत्तावन्नाव्या वर्षी कॉलेजात जातो. तू गेली होतीस तेच शहरातलं कॉलेज, तेच पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र, सोमवार-मंगळवार वर्ग आणि गुरुवारी प्रयोगशाळा. आईला मीच बजावलं होतं की फोनवर पोरीला एक अक्षर बोलायचं नाही. प्रयोगशाळेत नापास झालो की अख्खा विषय गेला, आणि तसं झालं असतं तर तुला कळायला नको होतं.

गावात मात्र दुसऱ्याच दिवशी बोभाटा झाला. काफानात चार घोट घ्यायला शिरलो तर मिलुटिन म्हणतो, "रादोये, दप्तर कुठंय रे? वहिनीनं डबा दिला का?" सगळे टेबलावर हात आपटून हसले. मी म्हटलं, हसा लेको. आपल्या दारूच्या बाटलीवर घराण्याचं नाव छापायचं तर घरात एक शिकलेला माणूस हवा, तो मी होणार. मिलुटिन अजून मला प्रोफेसर म्हणून हाक मारतो आणि मी "बोल बाळा" म्हणून वळतो, त्यामुळे त्याचीच मजा जाते.

वर्गात मी पहिल्या बाकावर बसतो. ऐकायला कमी येतं हे खरं, पण त्याहून खरं हे की कुणीतरी "आजोबा, मागे बसा" म्हणावं आणि मी हलू नये, याची मी वाट बघत असतो. मोल नावाची भानगड महिनाभर टाळक्यात शिरली नाही. ट्रॅक्टरवर बसून पाठ करायचो, आलुबुखाराची झाडं छाटताना पाठ करायचो. मग एक दिवस शिरली. प्रयोगशाळेत दाम्यान नावाचा पोरगा शिकवतो, तुझ्यापेक्षाही लहान. गॉगलशिवाय आत पाऊल टाकू देत नाही. माझ्या चष्म्यावर त्यांचा गॉगल बसत नाही, तर मी तो सुतळीनं बांधतो. दिसतो गाढवासारखा, पण बांधतो.

मग ऊर्ध्वपातनाचा गुरुवार आला. पोरं कुठली नळी कुठं लावायची ते पुस्तकात शोधत होती आणि मी मिशीत हसत होतो. बेचाळीस वर्षं आलुबुखारांची राकिया गाळतोय, मला काय शिकवणार? चंबूत पाणी आणि अ‍ॅसिटोन मिसळलेलं होतं, बायका नखांचा रंग पुसायला वापरतात ते. त्यातलं अ‍ॅसिटोन वेगळं काढून दाखवायचं, एवढंच. मंद आच दिली. पहिली धार पडली, नाकाशी धरली, तर तोच वास. आता तूच सांग, आपल्या भट्टीवर या वासाची पहिली धार कोण ठेवतं? ती पिणाऱ्याला बाधते; गुडघ्यांना चोळायची, नाहीतर ओतून द्यायची, आणि वास जाईपर्यंत ओतत राहायचं. मी टाकाऊच्या बरणीत ओतत राहिलो. वास गेल्यावर स्वच्छ भांडं लावलं, भरलं आणि दाम्यानपुढं ठेवलं. त्यानं हुंगलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, हे पाणी आहे. अ‍ॅसिटोन कुठंय?" मी बरणीकडं बोट दाखवलं.

वर्ग असा हसला की मिलुटिनची आठवण झाली. दाम्याननं शून्य लिहिलं आणि म्हणाला, तुम्ही आपली घरची भट्टी सांभाळा, इथं कशाला त्रास करून घेता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, शून्य माझं आहे, ते मी घेतो. घरी जायचं की नाही ते मात्र तू सांगू नकोस. पुढच्या गुरुवारी मी इथंच उभा असेन.

रुझित्साबाई म्हणून एक आहेत, काचसामान धुणाऱ्या, वीस वर्षं तिथंच. सगळे गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "नऊ वर्षांपूर्वी तुमच्याच डोंगराकडच्या एका मुलीनं अगदी हेच केलं होतं. तेव्हाच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा मूर्खपणा तुला कुणी शिकवला? ती म्हणाली, माझ्या बाबांनी, आणि ते भट्टीवर कधी चुकत नाहीत. चूक कबूल कर म्हणाले तर करेना. गॉगल काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेली." मी गॉगलची सुतळी सोडत राहिलो. त्याच पुढं म्हणाल्या, "नंतर सरांनाच वाईट वाटलं. प्रयोग पुन्हा दे म्हणून तिला घरी पत्र धाडलं. आली असती तर पास होती. आलीच नाही." मी उगाच नळाखाली हात धरून उभा राहिलो.

तू मला यातलं कधीच सांगितलं नाहीस. "नाही जमलं" एवढंच म्हणालीस आणि वर जाऊन झोपलीस. आणि मी काफानात छाती फुगवून सांगितलं, कॉलेजवाल्यांना काय अक्कल, पोरगी माझ्या भट्टीवर बसेल. दोन वर्षं बसलीस. मग एक दिवस बॅग भरलीस आणि परक्यांच्या चादरी बदलायला निघून गेलीस. माझी बाजू घेतलीस म्हणून तुझं शिक्षण गेलं, पोरी, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी परत गेलो. या खेपेला पहिल्या थेंबापासून धरलं. आच इतकी मंद ठेवली की शेजारची पोरं कंटाळून माझ्याकडं बघत बसली. चाळीसातलं अडतीस मिलिलीटर काढलं, अख्ख्या वर्गात सगळ्यांत जास्त. दाम्याननं दोनदा मोजलं आणि हळूच विचारलं, "आच कशी राखलीत, मला दाखवाल?" मी म्हटलं, दाखवीन, पण त्या दिवशीचे शब्द आधी मागे घे. त्यानं सगळ्यांसमोर घेतले.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. बाटलीवरच्या नावाची गोष्ट थाप आहे. कॉलेजचं ते पत्र नऊ वर्षांपूर्वी आपल्या घरी पोचलं होतं. आलुबुखार उतरायचे दिवस होते, हात कमी होते, तू गेलीस तर परत येणार नाहीस ही भीती होती. मी ते वाचलं आणि संत निकोलाच्या तसबिरीमागं सारलं. दरवर्षी स्लावाला, घराण्याच्या संताच्या सणाला, त्याच तसबिरीपुढं मेणबत्ती लावत आलो आणि तू मात्र तुला कुणी पुन्हा विचारलंच नाही असं समजून बसलीस. गेल्या हिवाळ्यात तसबीर पुसताना ते हाताला लागलं, तेव्हा ठरवलं, तुझ्या वाटचं जे मी अडवलं ते काय होतं, ते आपण स्वतः उभं राहून बघायचं. विश्न्या, मी चुकलो. भट्टीवर नाही, तुझ्याशी. कचेरीत विचारून आलोय, ऑक्टोबरात तुला पुन्हा नाव घालता येतं. ये म्हणत नाही, तो हक्क माझा राहिला नाही. यंदा आलुबुखारांसाठी तर मुळीच येऊ नकोस, आम्ही उतरवू. ते पत्र सोबत घातलंय. पाकीट फोडलेलं आहे. वर नाव तुझं आहे.

तुझाच,
बाबा