बिनतेलाचा अंगठा

८ जानेवारी १९४१
मास्तरांनी वच्छीला सांगितलं, अक्षर सुधारायचं तर रोज दहा ओळी लिहीत जा. काय लिहू म्हणून पोरगी बसली पेन्सिल चावत. म्हनलं, माझं लिही. मला लिहिता येत न्हाई, तुला बोलता येत न्हाई. दोघींचं मिळून एक शहाणं माणूस होईल.

तर लिही. मी सुईण. बाळापूरपासून दोन कोसावर गाव. वच्छी माझ्या लेकीची लेक, वय सतरा. माय हिच्याच बाळंतपणात गेली, माझ्याच हातात. बाप दुसरं घर करून वाशिमकडं बसला. आता पोरीला शहरातल्या बायकांच्या दवाखान्यात नर्स व्हायला जायचंय. तीन वर्षं शिकायचं, मग सरकारी पगार. अर्ज फळीवर हळदीच्या डब्याखाली हाय. पाडव्याच्या आत द्यायचा. त्यावर माझा अंगठा लागतो.

मी न्हाई म्हनलं न्हाई. व्हय बी म्हनलं न्हाई.

थांबली काहून? तुझ्याबद्दल हाय म्हणून? लिही.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ झाला. गोड बोलायचा दिवस, म्हणून खरं बोलायचं राहून जातं. आज बोलले.

सुईणीला काय भेटतं? मुलगा झाला तर खण, नारळ, शेर-दोन शेर जवारी. मुलगी झाली तर नारळ घरातच राहतो, आणि सासू माझ्याकडं असं पाहते, जसं काही मीच बाजारातून चुकीचं आणलं. लेकरू मेलं तर मागल्या दारानं निघायचं, वळून पाहायचं न्हाई.

आणि एक. पहिलटकरणीची नाळ ज्या हातानं कापली, ते घर जन्मभर त्या हाताचं. तिची सारी बाळंतपणं, तिच्या लेकी, सुना. ताप असो, पाय मोडलेला असो, न्हाई म्हणता येत न्हाई. अर्धं गाव माझ्या हाताला बांधलेलं हाय.

वच्छी पाणी तापवते, चिंध्या धुते, बाळंतिणीची पाठ धरते. नाळ मी तिला एकदाबी कापू दिली न्हाई. काहून, ते मी तिला कधी सांगितलं न्हाई. आता लिहिता लिहिता कळलं असेल.

२३ जानेवारी
बाळापूरला देवी टोचणाऱ्यांबरोबर शहरातली नर्सबाई आली होती. पांढरं लुगडं, पायात चपला. मी शेजारी जाऊन बसले. वच्छी मागं उभी, खांबासारखी.

"पगार वेळेवर भेटतो का, बाई?"
"महिन्याच्या महिन्याला, आजी. रोख."
"लेकरू मेलं त्या महिन्याला?"
"तरीबी भेटतो."

एवढं आयुष्य गेलं आणि हा धंदा मला कळलाच न्हाई म्हणायचा.

मग म्हनलं, "तर तोंड काहून असं वाळलंय?" हसली. म्हणाली, "बाळंतीण गेली की चादर बदलायची, त्याच खाटेवर दुसरी घ्यायची. रडायचं असलं तर सुट्टीच्या दिवशी. डाक्टर ओरडतो, नातेवाईक ओरडतात. माहेरी गेले तर वहिनी पाण्याची घागर आपल्याकडं ओढून घेते. कुणाकुणाला शिवून आली असेल म्हणते."
"आणि लग्न?"
"कोण करून राहिलंय, आजी?"

परत येताना ओढ्यापाशी वच्छी म्हणाली, "मला चालेल."
"काय चालेल?"
"चादर बदलणं."
एवढंच. आजपर्यंतचं तिचं सर्वांत मोठं भाषण.

२ फेब्रुवारी
मेहबूब पिंजाऱ्याची सून. दुसरी खेप. सकाळी गेले, ऊन डोक्यावर आलं तवा मोकळी झाली. मुलगा. नाळेचे मानेला दोन वेढे.

पूर्वी बोट आत गेलं की बोटाला कळायचं. आज कळलं न्हाई. कळलं तवा लेकरू निळं.

बाई वाचली. मेहबूब कापूस पिंजत होता तो थांबला. मागल्या दारानं निघाले.

वच्छी, यापुढं दोन ओळी रिकाम्या सोड.



७ फेब्रुवारी
हे लिहायचं न्हाई म्हनलं होतं. वच्छी म्हणाली, तूच म्हनलीस सगळं लिही. बरं.

त्यांच्यात सहाव्या दिवशी छट्टी करतात. बाळाला न्हाऊ घालतात, सुईणीला मान देतात. सकाळी उठले, वेखंड घेतलं, काळा दोरा घेतला, लुगडं बदललं. वच्छी पाण्याला गेलेली. गेले पिंजाऱ्याच्या घरी, पुढल्या दारानं, हसत. म्हनलं, "कुठं हाय आमचा नवाब?"

मेहबूबची बायको बिबनबी चुलीपुढं होती. माझ्याकडं पाहिलं. हातातल्या दोऱ्याकडं पाहिलं. उठली, पदर सारखा केला. म्हणाली, "आव बाई, बैठो. चाय पीके जाव."

बसले. चहा प्यायले. सुपात जवारी आणून तिनं माझ्या वटीत घातली. वर नारळ. तवा मी पाहिलं, पाळणा बांधलेला न्हाई, आणि निळं लेकरू आठवलं. सून भिंतीकडं तोंड करून निजलेली, चोळीच्या दोन्ही बाजू भिजलेल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या घेऊन घरी येता येतं. ती जवारी घेऊन मला उठताच येईना.

वच्छी न्यायला आली.

१२ फेब्रुवारी
सकाळी म्हनलं, अर्ज काढ.

कळमनुरीला भाड्याची बैलगाडी. बैल माझ्याच वयाचे. कचेरीत मुन्शीजी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. शाई लावली, अंगठा दाबला. नुसता काळा ठिपका, जांभळासारखा. पुन्हा दाबला. पुन्हा जांभूळ. डावा, उजवा, दोन्ही.

"रेषाच न्हाईत, माँजी. काय काम करता?"
"लोकांना दुनियेत आणते. तुमालाबी आणलं असतं, जरा आमच्या गावाकडं जन्मला असतात तर."
हसले. पण अर्ज परत दिला. म्हणाले, "डाग चालत न्हाई, ठसा पाहिजे. न्हाईतर बापाला आणा."

एरंडाच्या तेलानं, ऊनऊन पाण्यानं, राखेनं रेषा झिजल्या. बोटाला काही कळत न्हाई ते त्याच्यामुळंच का, ते देव जाणे. मुन्शीजी माणूस चांगला. म्हणाले, "महिनाभर हाताला तेल लावू नका, काम करू नका. रेषा फुटतील. मग या, तकलीफ होणार न्हाई."

बापाला वच्छीनं कार्ड लिहिलं. अक्षर खरंच सुधारलंय.

२५ फेब्रुवारी
तेल न्हाई. राख न्हाई. भांडी वच्छी घासते. मी राणीसारखी बसून.

रोज सकाळी ती माझा अंगठा उन्हात धरते, तांदळातला खडा शोधल्यासारखा. आज म्हणाली, कडेला एक रेष दिसून राहिली. मला तर सुरकुती वाटली. तिला सांगितलं न्हाई.

बापाचं उत्तर न्हाई.

९ मार्च
कडेला तीन रेषा. मधे अजून सपाट. पाडवा तीन आठवड्यांवर आला.

आता दुपार. कोंडबा माळी दारात येऊन बसलाय. त्याच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. त्याला म्हनलं, "बस. पहिलटकरणीला येळ लागतो. आधी माझं लिहून होऊ दे." तो माझ्याकडं असा पाहून राहिला, जसं म्हातारीला येड लागलं.

लागलंच हाय. मी गेले तर तेल आलं, पाणी आलं, रेषा गेल्या. आणि या बोटांना पुन्हा कळलं न्हाई तर? वच्छी गेली तर नाळ तिनं कापली, माळ्याचं घर तिच्या हाताला लागलं. आज माळी, उद्या कुंभार, मग कुठला अर्ज आणि कुठलं शहर. कुणीच न्हाई गेलं तर माळ्याची सून एकटी. दुसरी सुईण बाळापूरला, दोन कोस.

वच्छी लिहून राहिली, वर पाहत न्हाई. तेलाची कुपी मधे हाय. तिच्याबी हाताजवळ, माझ्याबी.

कोंडबा उठून उभा राहिला.
"आजी, कोण येऊन राहिलं? तुमी का वच्छी?"