बाजूची सीट

मंगळवार, संध्याकाळ

…अंगण झाडून मी तूर निवडायला बसायचे. प्रशांत समोर डोळे मिटून बसायचा. त्याच्या शाळेच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले, म्हणून त्याच्या सरावाला मोटार-रॅलीच्या रस्त्यातली वळणं लिहिलेली वही मी वाचायचे. "डावं वळण, पुढे खडी." त्याचा उजवा पाय पेडलसारखी जमीन दाबायचा.

तेव्हा मोठ्या टीमची गाडी चालवायला त्याच्याकडे होती. यंदा ती दुसऱ्याला दिली. आज म्हणाला, "आई, त्याच्या बाजूले बसून वही वाचाचं काम भेटलं मले."

"वाचाचं? तू?"

"गाडीत तर राहीन. घरी बसलो तर लोक विसरून जातीन."

शेजारच्या कुसुमबाईने कुंपणावरून विचारलंच, "काय रे, ड्रायव्हरचा कंडक्टर झाला काय?"

"हो मावशी, तिकीट काढा."

हसला तो. मला हसू आलं नाही. हे वारल्यावर लग्नकार्यात मागच्या खुर्चीवर बसायला मी शिकले. त्यानेही तेच शिकायचं?

मग त्याने वाचून दाखवलं. पाय जमीन दाबतच होता, आणि वाचणं उशिरा. चालवणारा वळणावर हात फिरवतो. वाचणाऱ्याने ते वळण यायच्या आधीच सांगायचं असतं. असं वाचलं तर हेही काम जाईल. सांगू? म्हणजे त्या सीटवर मीच त्याला बसवायचं? उठून ताटं वाढली. जेवतानाही तो पाय हलत होता.

बुधवार

कापूस वेचायला गेले नाही. चहा झाल्यावर प्रशांतकडून वही पहिल्यापासून वाचून घेतली. उशीर झाला तिथे थांबवलं. अकरा वेळा.