घोडा, तुमची बहीण आणि माझी जीभ

एद्फू,
गुरुवार दुपार

आदरणीय हाजी रिफाई यांस मेहुणा बस्तावीसी याचा सलाम.

तुमचे गुडघे, तुमचा ऊस आणि नवी म्हैस ही तिन्ही खुशाल असतील अशी आशा करतो (गुडघ्यांची चौकशी म्हशीच्या आधी केली आहे, याची नोंद घ्यावी). इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे तुमची बहीण फौकिया ठीक आहे आणि मी तिच्यासमोर बसून हे पत्र लिहितो आहे. कारण एक घोडा. तो तुम्ही तुमच्या गावी, दरावला, न्यावा आणि आपल्या शेतावर कायमचा ठेवून घ्यावा, अशी नम्र विनंती. ('नम्र' हा शब्द फौकियाने घालायला लावला.)

झालं ते असं. दोन महिन्यांपूर्वी मी बाजारातून भेंडी घेऊन येत होतो. देवळाच्या रस्त्यावर ओक्काशा टांगेवाल्याचा पांढरा घोडा गाडीसकट खाली बसला होता आणि त्याला उठवायला ओक्काशा चाबूक चालवत होता. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? भेंडी घेऊन घरी जावं. मी मध्ये पडलो. ओक्काशा म्हणाला, "मास्तर, एवढा पुळका आलाय तर न्या की घरी! का बायको घरात घ्यायची नाही?" जमलेले सगळे फिदीफिदी हसले आणि माझी जीभ सुटली. आपल्याकडच्या पुरुषांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुण्याला आणखी एक कबूतर वाढायचं झालं तरी आपण 'खाल्लं नाहीत तर माझ्या बायकोला तलाक' अशी शपथ घालतो. (माझ्या ताटात तिसरं कबूतर तुम्ही असंच वाढलं होतं. मी ते खाऊन संपवेपर्यंत वहिनी दाराशी श्वास रोखून उभ्या होत्या.) मी भर रस्त्यात ओरडलो, "हा घोडा पुन्हा गाडीला जुंपला गेला, तर माझ्या बायकोला तलाक!" ओक्काशाने निमूटपणे पट्टे सोडले, दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घ्या मास्तर. तुमचं घर मोडल्याचं पाप माझ्या माथी नको." अशा रीतीने एका हातात भेंडी आणि दुसऱ्या हातात घोडा घेऊन मी घरी निघालो.

बातमी माझ्याआधी पोचली होती. फौकियाने आधी घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकतीस वर्षं तुमचा संसार केला," ती म्हणाली, "आणि मला पणाला लावलंत ते कशासाठी, तर ह्या हाडांच्या सापळ्यासाठी?" मी उत्तर शोधत असताना घोड्याने भेंडी खाल्ली. संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई, नजातबाई, आल्या. त्यांनी पाठीवरच्या जखमा धुतल्या आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस सांभाळा फक्त, तोवर मी जागा बघते." ते पंधरा दिवस अजून चालू आहेत.

आता घोड्याविषयी. नाव अंबर. स्वभाव गरीब. रोज मी त्याला नदीवर धुवायला नेतो, खरं तर तोच मला नेतो. चौदा वर्षं टांगा ओढताना देऊळ बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना ज्या ज्या दुकानांपुढे उतरवायचं, ती सगळी दुकानं त्याच्या पायांत बसली आहेत. अत्तरवाल्यापुढे तो थांबला की थांबला. मग दुकानदार खुर्ची टाकतो, जास्वंदीचं सरबत मागवतो आणि मला नाही म्हणता येत नाही. घरात आता अत्तराच्या सहा कुप्या, दगडाची तीन मांजरं आणि माझ्या मापाचा नसलेला एक झगा आहे. (जन्मभर नकाशे मी शिकवले, गाव पाठ आहे ते घोड्याला.) शिवाय तो वाळत घातलेले कपडे चघळतो. तुमच्या बहिणीची सणाची ओढणी त्यातच गेली.

तुमच्याकडे हिरवा घास आहे, सावली आहे. तिथे तो सुखात राहील. फक्त एक गोष्ट. तुमच्याकडे उसाच्या गाड्याही आहेत. ऐन तोडणीत एखाद्या गड्याने चुकून अंबरला जुंपलं, तर त्याच क्षणी इकडे माझा तलाक होईल. मग फौकिया जाईल कुठे? थोरल्या भावाकडेच. चार ट्रंका, शिवणयंत्र आणि तोंड यांसह. हे मी केवळ माहितीसाठी लिहितो आहे.

नजातबाई महिनाअखेर येतील. सोडवलेल्या जनावराच्या कायमच्या घराचा एक कागद असतो, त्यावर ज्याचं नाव लागेल त्याचा घोडा. फौकिया म्हणते, ते नाव तुमचं असावं. तरी विचार करून कळवावे. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बस्तावीसी

ता. क. : फौकिया चहा टाकायला गेली आहे, म्हणून घाईत लिहितो. हाजी, वरचं सगळं विसरा. घोडा नेऊ नका, तुमच्या पाया पडतो. सकाळी मी घास घेऊन येतो तेव्हा तो नुसत्या पावलांवरून ओळखून खिंकाळतो. निवृत्त झाल्यापासून माझी कुणी वाट पाहिली नव्हती हो. 'जागा नाही' असं लिहा. वहिनींना घोड्यांची भीती वाटते असं लिहा. काहीही लिहा, पण मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.

आणखी ता. क. : दादा, मी फौकिया. चहा केव्हाच झालाय. यांचं लिहून होईपर्यंत मी दारातच उभी होते. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. हे सांगतात तसंच कर, नाही म्हण. दोन वर्षं हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता, हाका मारून माझा घसा बसला. आता पहाटे उठून, दाढी करून घास कापायला जातो. पण उत्तराची घाई करू नकोस. नजातबाईंना अंगणातली जागा चांगली दिसावी म्हणून यांनी तीन दिवसांत अर्धं छप्पर घातलंय. उरलेलं होऊ दे. कागदाची काळजी नको. हे नदीवर गेले असताना नजातबाई गेल्या आठवड्यातच येऊन गेल्या. पणाला मला लावलं होतं, म्हणून नावही मी माझंच लावलंय.