गंज लागू देणार नाही

३ मार्च, सोमवार
साहेबांचं फर्मान: २० तारखेला हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलवर टेबलफॅन फिरवून दाखवा, नाहीतर तुमचा विभाग बॅटरीवाल्यांत विलीन. तिथला प्रमुख माझा साडू. त्याच्या हाताखाली मी? मेलो तरी नाही.

४ मार्च, सकाळी ९
अडचण एवढीशी आहे. सेलमधल्या स्टीलच्या प्लेटमधून वीज गेली पाहिजे, पण आतल्या आम्लाने ती गंजता कामा नये. उपाय तयार: वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा हिरवा थर. एक दिला.

७ मार्च
प्लेट आम्लात बुडवून ठेवली होती, आज काढली. गंजाचे दोन ठिपके. आम्लच हलक्या दर्जाचं असणार. आणखी दोन थर.

१२ मार्च
एकच ठिपका. मोजणीच्या बाई म्हणाल्या, सर, थर जाड झाला की वीज अडते, एकदा मोजून घेऊ या. म्हटलं, बाई, वाहतो म्हणून तर हा पॉलिमर घेतला. त्याला काय रोज विचारायचं, बाबा रे, वाहतोस ना? त्यांनी मीटर कपाटात ठेवला.

१३ मार्च
बायको म्हणाली, भाऊजींना विचार ना, त्यांना यातलं कळतं. जेवणावरून उठलो. नंतर परत बसलो, भूक होती.

१६ मार्च, रविवार
सुट्टी असूनही लॅबमध्ये. सात थर झाले. औषधालाही गंज नाही. दोन पानी भाषण लिहिलं. साडूला पहिल्या रांगेत बसवायचं.

२० मार्च
साहेबांनी भिंगातून प्लेट पाहिली, वा म्हणाले. मग बटण दाबलं. फॅन ढिम्म. पातं मी बोटाने ढकललं, अर्धा फेरा मारून थांबलं. बाईंनी न सांगताच मीटर लावला. वीज जवळजवळ शून्य. भाषण खिशातच राहिलं. साडू हसला नाही, त्याचाच जास्त राग आला. वर म्हणाला, गंज मात्र जबरदस्त अडवलाय हं.

२४ मार्च, सोमवार
नवं टेबल, साडूच्या केबिनबाहेर. झुकायचं नाही, हे ठरवूनच गेलो होतो. त्याने चहा मागवला. मला साखर दीड चमचा लागते, हे त्याच्या लक्षात होतं. मग पहिलं काम दिलं: आवारातल्या सायकल स्टँडचे खांब गंजतात, तुमचा हिरवा थर द्या, दोन पुरेत.
दोन म्हणे. मला शिकवतोय. आठ देणार आहे.