डबा कोणाच्या नावानं ठेवू?

॥ श्री ॥
पाथरटोला, ता. सिंदेवाही
५ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. धान कापणीला आलं आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि बाबाही. पत्र पाहून हसशील, पण फोन तुझ्या मोठ्या बाबांच्या प्रफुलनं कंपनीकडून आणून दिलेला. त्यावर घरातलं बोलायला माझं मन धजत नाही. जवळ असला की त्यावर पदर टाकून ठेवते.

तुझ्या विषयाचं नाव बाबांना वाचून दाखवलं, जगाच्या धंद्यातली नीती. म्हणाले, माप खोटं घालू नये एवढंच ना, मग त्याले दोन वर्षं काऊन लागतात? मला प्रश्न वेगळाच पडतो. जी कंपनी आपली पहाडी खदानीसाठी मागते, तिनंच आपल्या पोरीला नीती शिकायला सातासमुद्रापार का धाडावं? मांजरानं उंदराची फी भरल्याचं मी ऐकलं नाही.

दिवाळीला प्रफुल सुक्या मेव्याचा डबा घेऊन आला. आपल्या गावची रीत तुला माहीत आहे. आलेली वस्तू देणाऱ्याचं नाव घेऊन देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. विचारलं, कोणाच्या नावानं ठेवू? म्हणे, काकू, कंपनीच्या. आता कंपनी बाई की बुवा, देवाला काय सांगू? डबा फळीवर आहे. बाबा येता-जाता त्याच्याकडे बघतात.

थंडीत कान बांधत जा. दूर गेलीस तरी लोभ आटू देऊ नको.

तुझी आई,
मनकर्णा


नेदरलँड
२२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आईस,
दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. फोनवर पदर काय टाकतेस? तो काय डोळे मिचकावतो?

गंमत म्हणजे परवा वर्गात असाच विषय निघाला. एका कंपनीला जमीन हवी आहे आणि ती त्याच गावच्या मुलांना शिष्यवृत्ती देते. ही भेट की किंमत? मी उभी राहून सांगितलं, भेट. माझंच उदाहरण दिलं. शिष्यवृत्ती देणारा कंपनीचा ट्रस्ट वेगळा, खदान वेगळी, आजवर माझ्याकडे कोणी काही मागितलं नाही. सरांनी शांतपणे विचारलं, मागितलं नाही, की मागायची वेळ अजून आली नाही?

मला राग आला. तेही तुझ्यासारखेच संशयी. प्रफुलदादा धावला म्हणून मी इथवर आले, हे विसरू नको. डबा फोड आणि बाबांना काजू दे.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
दिव्यानी


॥ श्री ॥
पाथरटोला
८ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस, अनेक आशीर्वाद.

मळणी झाली. पण घरात चैन नाही.

पहाडी द्यायची की नाही, यावर संक्रांतीआधी ग्रामसभा लागली आहे. प्रफुल येऊन बसला. म्हणाला, काकू, तुम्ही पुढे बसा, हात पहिला वर करा, म्हणजे बाकीच्या बाया करतील. मी म्हटलं, नाही केला तर? तो हसला. म्हणाला, तसं काही नाई, पण दिव्यानीची शेवटची फी जायची आहे अजून. चहा पिऊन गेला. कप दोनदा घासला मी.

त्याहून वाईट पुढे आहे. नवा तांदूळ शिजला की पहिली वाटी शेजारच्या सोनीबाईकडे जाते, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. यंदा तिनं वाटी हातात घेतली नाही. म्हणाली, बाई, तुमच्या घरचं सध्या कोणाच्या नावानं खावं, समजत नाई मले. भजनातही मी बसले की बाया सरकतात. मी कंपनीवर संशय घेत राहिले, आणि गाव माझ्यावर.

हात वर केला तर पहाडी गेली, मोहाची झाडं गेली. नाही केला तर तुझं शिक्षण. खरं काय ते लिही. आईची काळजी म्हणून गोड लिहू नको.

लोभ असू दे, आणि या वेळी उत्तर लवकर असू दे.

मनकर्णा


नेदरलँड
२१ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी प्रफुलदादाचा फोन आला होता. ग्रामसभेत दाखवायला व्हिडिओ पाठव म्हणाला. कंपनीनं माझं भलं केलं, गावाचंही करील, एवढंच बोलायचं. सरांचा प्रश्न आठवला. मागायची वेळ आली होती.

मी नाही म्हटलं. त्यानंतर रडले, ते लपवत नाही. फी थांबू शकते. सर म्हणतात, विद्यापीठाचा मदतनिधी आहे, अर्ज कर. मिळेलच असं नाही. न मिळाला तर परत येईन. पण माझ्यासाठी हात वर करू नको. वर्गात भेट म्हणाले होते, तो शब्द मी सर्वांसमोर मागे घेतला.

तू संशयी आहेस म्हणून हसले होते. त्याबद्दल रागव, पण लोभ तोडू नको.

दिव्यानी


॥ श्री ॥
पाथरटोला
१६ जानेवारी २०२५

चि. दिव्यानीस, अनेक आशीर्वाद.

ग्रामसभा झाली. मी पुढेच बसले, प्रफुलला बरं वाटलं. पिशवीत काय होतं ते त्याला माहीत नव्हतं.

त्यानं तुझा व्हिडिओ लावलाच. जातानाचा जुना, हार घालून आभार मानतेस तो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उठले. म्हटलं, पोरगी विमानाच्या तिकिटाचे आभार मानून राह्यली, पहाडी देऊन नाई राह्यली. मग पिशवीतून फोन आणि डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, बापू, देणाऱ्याचं नाव सापडलं की घेऊन ये, तोवर तुझ्याकडे राहू दे. डबा उचलताना हलका लागला. बाबांनी काही केलं असेल तर त्यांचं ते आणि देव पाहून घेतील.

खदानीसाठी हात थोडेच वर झाले, ठराव पडला. कंपनी एवढ्यावर जाईल असं मला वाटत नाही. प्रफुल बोलत नाही. तुझी फी येणार नाही असं समजून चाल.

सांजेला सोनीबाई आली आणि वाटी स्वतःहून मागितली. उंबऱ्यात उभ्यानंच भात खाल्ला. म्हणाली, मीठ कमी आहे. मीठ कमी नव्हतं, पण मी आणून दिलं.

तुझ्या मदतनिधीचं ऐकलं. अर्ज कर. पण त्यात पैसा कोण टाकतं ते आधी विचार, आणि तुझ्या सरांचा पगार कोण देतं तेही. माणसाचं नाव निघालं तर कळव. देवापुढे त्याच नावानं दिवा लावीन. तोवर लोभ तुझ्यावर आहे, निधीवर नाही.

तुझी आई,
मनकर्णा